आईनं निवडलेलं जहाज

आईनं लहान जहाज निवडलं होतं. हे फक्त मला माहीत होतं, म्हणून लिहायलाही मीच बसायला हवं.

आमच्या घराण्यात किस्से सांगायचं खातं माझ्याकडं आहे. बारसं असो, साखरपुडा असो, जेवणं उरकली की कुणीतरी म्हणतंच, "अरे त्याला बोलवा, तो जहाजाचा सांगू दे." मग मी पोट आत घेऊन उभा राहतो आणि सांगतो. त्यात सोळा लिफ्टा येतात. नाश्त्याच्या वेळी मी चुकून दुसऱ्याच कुटुंबाच्या टेबलावर बसून त्यांच्यातला अर्धा पाव संपवला, ते येतं. पाण्याच्या घसरगुंडीत मी मधेच अडकलो आणि मागून आलेल्या एका अनोळखी आजोबांनी पायानं ढकलत ढकलत मला खाली पोचवलं, ते तर येतंच. लोक डोळे पुसत हसतात. आई पण हसते. त्या किश्श्यातून मी दर वेळी जे गाळतो, ते इथं लिहितोय.

आम्ही निपाणीकडचे. वडील शाळामास्तर होते. ते गेल्यावर आई माझ्याकडं बेंगळुरूला आली, मल्लेश्वरममधल्या आमच्या दोन खोल्या-हॉलमध्ये. मी इथं पंचवीस वर्षं आहे आणि माझं कन्नड अजून रिक्षावाल्याशी भांडण्यापुरतंच आहे. आईचं माहेर गोकाककडचं, त्यामुळं तिला कन्नड माहेरचंच. आठ दिवसांत तिनं शेजारच्या अक्कांशी लोणच्याची देवघेव सुरू केली आणि महिन्याभरात आमच्या जिन्यात मला 'त्या अम्मांचा मुलगा' म्हणून ओळखायला लागले. माझी बायको म्हणाली, "बरं झालं, तुम्हाला इथं काहीतरी ओळख मिळाली."

मग आईचे डोळे. आधी ती म्हणायची, वर्तमानपत्राची छपाई खराब झालीय. मग म्हणायला लागली, देवाच्या तसबिरीवर कुणीतरी बोट फिरवलंय. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. कडेचं दिसत राहील, मधलं पुसट होत जाईल. इंजेक्शनांनी थोडं लांबेल, थांबणार नाही. डॉक्टरीणबाई भल्या होत्या. त्यांनी मला बाजूला घेऊन म्हटलं, "त्यांना काही बघायचं असेल तर या वर्षात दाखवून आणा." तेव्हापासून आई माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडं बघायला लागली. कानाकडं बघितलं की चेहरा दिसतो म्हणे.

दवाखान्यातून परत येताना आम्ही संपिगे रस्त्यावर इडली खायला थांबलो. मी विचारलं, "आई, तुला काय बघायचंय?" मी काशी धरून चाललो होतो. फार तर तिरुपती.

"समुद्र," आई म्हणाली.

"समुद्र बघितलायस की तू. कारवार, मालवण, गोकर्ण. तीन वेळा बघितलायस."

"चपलांजवळ बसून बघितलाय."

मला कळलं नाही. तिनं समजावून सांगितलं. तिन्ही वेळा आम्ही सगळे पाण्यात, आणि ती वाळूत सगळ्यांच्या चपला, घड्याळं, पाकिटं राखत बसलेली. त्यात एकदा मालवणला मी चड्डी फाडून घेतली, तेव्हा ती सुई शोधत होती. "मला एकदा मधून बघायचाय," ती म्हणाली. "दोन्हीकडं किनारा नको. नुसतं पाणी. जवळनं."

एवढं मागणं तिनं माझ्या उभ्या आयुष्यात कधी मागितलं नव्हतं. तिनंही ते बोलून झाल्यावर लगेच सांबाराची वाटी माझ्याकडं सरकवली, जणू काही दंडच भरला.

शिवाजीनगरच्या बसस्टँडमागं, बॅगा दुरुस्त करणाऱ्या दुकानाच्या वर, एका ट्रॅव्हल एजंटचं जुनं ऑफिस आहे. हे सगळं हल्ली मोबाइलवर होतं हे मलाही माहीत आहे. पण मोबाइलला उलटसुलट प्रश्न विचारता येत नाहीत, आणि मला प्रश्न विचारायची फार हौस. एजंट सत्तरीचे होते, कपाळाला गंध, थोडं हिंदी थोडं कन्नड असं बोलणारे. त्यांनी दोन पत्रकं माझ्यापुढं ठेवली.

"हे कोचीचं, सार. लहान आहे, जुनं आहे. चालताना स्वल्प करकरतं. खोल्या लहान, लिफ्ट एकच. संध्याकाळी एक बाई पियानो वाजवतात, तेवढीच करमणूक. लक्षद्वीपच्या बाजूला जातं, उघड्या समुद्रात. खालच्या डेकवर लाकडी वाट आहे, जहाजाला पूर्ण वळसा घालते. तिथं खुर्ची टाकून बसलं तर शिंतोडे अंगावर येतात."

"आणि हे दुसरं?"

"हे सिंगापूरचं. नवंकोरं. अठरा मजले, चार हजार माणसं. बर्फावरचा नाच, घसरगुंडी, बारा ठिकाणी जेवण. तुमच्या मुलांना आवडेल." मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "पण अम्मांना काय बघायचंय?"

"समुद्र."

"मग मला कशाला विचारताय? त्या मोठ्यात समुद्र शोधायला लागतो." आणि मी उठताना ते म्हणाले, "एक सांगून ठेवतो. लहानाचा हा शेवटचा सीझन. मार्चनंतर काढणार त्याला. मोठं काय, पुढच्या वर्षी पण आहे."

घरी येऊन मी आईला दोन्ही पत्रकं वाचून दाखवली. बायको तेव्हा भाजी आणायला गेली होती. मोठ्या जहाजाचं वाचताना माझा आवाज चढत होता, हे मला आता आठवतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "कुठल्यात पाणी जवळ?"

"लहानात."

"मग ते."

"पण ते डुलतं हां, आई."

"डुलू दे की. एस्टीनं आंबोली घाट उतरलेली बाई आहे मी."

"करमणूक पण काही नाही त्यात."

"समुद्र असतोय की."

मी सरी, म्हणजे बरं, म्हटलं. म्हटलं, आणि दोन्ही पत्रकं ऑफिसच्या बॅगेत ठेवली.

आता खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मी लहान जहाजाविरुद्ध कट करायला लागलो. पहिलं कारण पोटाचं. मला बस लागते, तर बोट लागणारच. दुसरं कारण त्याहून हलकं. ऑफिसात डब्याच्या टेबलावर गेल्या दोन वर्षांत तिघंजण असल्या मोठ्या जहाजावर जाऊन आले होते आणि त्यांचे फोटो बघून बघून माझी मान अवघडली होती. 'कोचीहून एक जुनं जहाज जातं' असं त्या टेबलावर सांगायची मला लाज वाटत होती. बावन्नाव्या वर्षी, बरं का. ज्या वयात माणसाला रक्तातल्या साखरेची लाज वाटायला हवी, त्या वयात.

पण हीदेखील वरवरचीच कारणं. लहान जहाजावर चार दिवस करण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणजे आईजवळ बसण्याखेरीज काही नव्हतं. खुर्चीवर तिच्या शेजारी बसायचं आणि ते काय दिसतंय, हे काय चमकतंय, ते सांगत राहायचं. वर्षभर मी तिला औषधांच्या बाटल्या वाचून दाखवत होतो, बसचे नंबर सांगत होतो, ताटात कुठं काय वाढलंय ते सांगत होतो. मला चार दिवस सुट्टी हवी होती. मोठ्या जहाजावर बारा ठिकाणी जेवण होतं आणि आईला सोडून जाण्यासारखी निदान चाळीस ठिकाणं होती.

धाकटा भाऊ मारतहळ्ळीला राहतो, आयटीत आहे. त्याची बायको पुण्याची, मुलगी बारा वर्षांची. तेही सफरीला येणार म्हटल्यावर रविवारी त्यांच्याकडं जेवायला जमलो. मी तक्ता करून नेला होता. मी कंपनीच्या ट्रेनिंग विभागात आहे, तक्त्याशिवाय मला बायकोशीही भांडता येत नाही. दोन्ही जहाजांना दहापैकी गुण दिले होते. लिफ्ट. जहाजावर डॉक्टर. न डुलणं. जेवण. मुलीची करमणूक. आजारी माणसाची सोय. पाणी किती जवळ, ही ओळ मी घातलीच नव्हती.

"दादा, हे तर क्लिअरच आहे," भाऊ म्हणाला. "आईसाठी स्टेबल जहाजच पाहिजे. त्या जुन्या डबड्यात काय आहे?"

"पियानो आहे," मी म्हटलं. सगळे हसले. मी हशा घेतला.

पुण्याची भावजय मात्र ताट बाजूला सारून म्हणाली, "पण अहो, ट्रिप आईंची आहे ना? आईंना विचारा की."

इथं आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी. चारचौघांत, त्यातून सुनांसमोर, आईला काही विचारलं की ती आधी सगळ्यांचा अंदाज घेते, कुणाला काय हवंय ते ताडते आणि तेच मागते. पहिली जाड झालेली पोळी ती स्वतःच्या ताटात घेते आणि 'मला जाडच आवडते' म्हणून सांगते. साड्यांच्या दुकानात सुनांनी उचलून झाल्या की उरलेला रंग तिचा आवडता असतो. तिचं खरं काय ते ऐकायचं असेल तर तिला एकटीला गाठावं लागतं, आणि तेही बोलता बोलता, तिच्या नकळत. आम्हा दोघा भावांना हे दूध पीत होतो तेव्हापासून माहीत आहे. पुण्याच्या भावजयीला माहीत नव्हतं. तिनं बिचारीनं सरळ मनानं विचारलं.

आणि मी तिच्या सरळपणाचा फायदा घेतला. "बरोबर आहे," मी म्हटलं. "आईलाच विचारू. आई, तू सांग. सगळ्यांना एकत्र मजा करता येईल असं ते मोठं, का ते जुनं?"

आईच्या हातात घास होता. तिनं माझ्या कानाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मी आमटी ओरपत होतो.

"मला काय, कुठलंही चालतंय," ती म्हणाली. "पोरीला घसरगुंडी आवडंल."

"येस, आजी!" पुतणी ओरडली, आणि माझ्या भावानं तिथल्या तिथं मोबाइल काढला.

परतीच्या बसमध्ये आई पुढं बायकांच्या सीटवर होती, आम्ही दोघं मागं. आउटर रिंग रोडवर नेहमीसारखं सगळं थांबलेलं. बायको म्हणाली, "सगळ्यांसमोर का विचारलंत?"

"म्हणजे? विचारायला नको?"

"त्या काय म्हणणार ते तुम्हाला ठाऊक होतं. खरं सांगा, त्यांना कुठलं हवं होतं?"

"तिनं सांगितलं ना. तुझ्यासमोर सांगितलं."

ती माझ्याकडं बघत राहिली. एकोणीस वर्षांच्या संसारात ही बाई मला फसली नाही ती नाहीच. "आणि समजा हवं असेल," मी म्हटलं, "तर पुढच्या वर्षी लहान जहाज. त्यात काय?" शेवटच्या सीझनचं मी बोललो नाही. बोलण्यासारखं तेवढंच होतं.

आईचा पासपोर्ट काढण्यात दोन महिने गेले. बोटांचे ठसे उमटेनात. सत्तर वर्षं भांडी घासली की ठसे उरत नाहीत, असं तिथली मुलगी कौतुकानं म्हणाली. या किश्श्यावरही लोक हसतात.

जहाज मोठं होतं, यात वाद नाही. बंदरात उभं असलेलं ते बघून पुतणीनं विचारलं, "जहाज कुठाय?" कारण तिला ती इमारत वाटली. आम्हाला मिळाल्या त्या आतल्या खोल्या, खिडकी नसलेल्या. खिडकीच्या जागी भिंतभर पडदा होता आणि त्यावर बाहेरचा समुद्र कॅमेऱ्यातून चोवीस तास दिसत होता. भाऊ म्हणाला, "बघ आई, डायरेक्ट लाइव्ह." आई पलंगाच्या कडेला बसली आणि मान वाकडी करून त्या पडद्याच्या कडेला बघत राहिली. तिला टीव्ही दिसेनासा होऊन आठ महिने झाले होते. आमच्यापैकी हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. "छान आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला वर नेलं, पंधराव्या मजल्यावर. वर पोहायचं तळं होतं, तळ्याशेजारी मोठ्यानं गाणी, गाण्यावर नाचणारी माणसं. कडेला माणसाच्या उंचीपेक्षा उंच निळसर काच. आई काचेपाशी गेली, तिनं तळहात काचेवर ठेवला.

"खाली आहे काय?"

"हो. खूप खाली."

"आवाज येत नाही."

"गाणी चालू आहेत ना."

"पलीकडं ते काळं काय?"

"ते मलेशिया," मागून भाऊ म्हणाला. "आणि ह्या बाजूला, ते बघ, इंडोनेशिया. एका वेळी दोन देश, आई!" जहाज सामुद्रधुनीतून चाललं होतं आणि दोन्ही बाजूंना किनारा होता. दोन्ही बाजूंना तेलाची जहाजंही होती, एकामागं एक, अगदी आमच्या सिल्क बोर्डच्या चौकात तुंबलेल्या गाड्यांसारखी. हे वाक्य मी किश्श्यात सांगतो. त्यावर बेंगळुरूकर टाळी देतात.

मग आईला आम्ही तळ्याजवळ एका खुर्चीत बसवलं आणि घसरगुंडीच्या रांगेत उभे राहिलो. मी अडकलो तो हाच दिवस. बायकोनं वरून फोटो काढले. घरी आल्यावर ते फोटो मोठे करून बघताना दिसलं, की कोपऱ्यात आई बसलीय, मांडीवर पाच टॉवेल, आणि तिच्या पायाशी आमच्या सगळ्यांच्या चपला ओळीनं लावलेल्या. आम्ही ठेवल्या नव्हत्या तशा. आम्ही टाकून गेलो होतो. तिनं चाचपून चाचपून जोड्या लावल्या असणार.

तिसऱ्या दिवशी दुपारी आई हरवली.

चारला बर्फावरचा नाच होता. जागा मोबाइलवर आधी राखाव्या लागत, आणि दोन दिवस धडपडून मी सहा खुर्च्या मिळवल्या होत्या. साडेतीनला खोलीत आलो तर आई नाही. बायकोला वाटलं, ती भावाकडं आहे. भावाला वाटलं, आमच्याकडं. अठरा मजले आणि एकसारखे बोळ, सगळीकडं तीच जांभळी जाजमं. मी धावत सुटलो. बावन्न वर्षांचा माणूस धावतो तेव्हा लोक मदत करत नाहीत, वाट देतात. शेवटी जहाजावरच्या एका कामकरी बाईनं फोन फिरवला आणि सांगितलं की एक साडी नेसलेल्या आजी सगळ्यात खालच्या मजल्यावर बसल्या आहेत.

लिफ्ट उघडली तर समोर जहाजावरच्या दवाखान्याचा अरुंद बोळ. जाजम नाही, नुसतं लोखंड. टोकाला एक मोठं बंद पोलादी दार होतं, ज्यातून बंदरात माणसं चढवतात. दाराशेजारी बाकडं, आणि बाकड्यावर आई. डोळे मिटलेले, कान भिंतीला लावलेला. लिफ्टमधल्या बटणांवर उठावाचे ठिपके असतात. ती ते बोटांनी चाचपत सगळ्यात खालच्या बटणापर्यंत गेली होती. सगळ्यात खाली म्हणजे पाण्याजवळ, हा तिचा हिशोब. त्यात काय चूक होतं?

"इथं ऐकू येतंय बघ," माझी चाहूल लागताच ती म्हणाली. "लाटा आपटतात. बाहेरनं. ये, कान लाव."

"आई, अगं, कुठं कुठं शोधलं तुला! कुणाला सांगून यायचं नाही?" माझा आवाज त्या बोळात भलताच मोठा झाला. "एवढ्या मोठ्या जहाजात तू हरवलीस तर काय करायचं आम्ही? लहान मूल आहेस का?"

ती म्हणाली, "पाच मिनिटं बस की."

मी घड्याळ बघितलं. चारला दहा कमी होती. दहा मिनिटांत न पोचल्यास राखलेल्या जागा दुसऱ्यांना देतात, असं मोबाइलवर लाल अक्षरांत आलेलं होतं. पाच मिनिटं होती माझ्याकडं. नंतर मी कितीदा हिशोब केलाय. लिफ्टला दोन, चालायला दोन, पाच मिनिटं आरामात होती.

"उद्या येऊ," मी म्हटलं आणि तिला दंडाला धरून उठवलं.

बर्फावरचा नाच फार सुरेख होता, असं सगळे म्हणाले. आई टाळ्या वाजवत होती. इतरांच्या वाजल्या की ती वाजवत होती, अर्ध्या क्षणानं मागून. दुसऱ्या दिवशी सकाळी जहाज बंदराला लागलं आणि ते पोलादी दार उघडून आम्हाला त्यातूनच बाहेर काढलं. बाहेर काँक्रीटचा धक्का होता.

घरी आल्यावर महिन्याभरानं, मार्च उलटायच्या आत, मी शिवाजीनगरला गेलो. चुकीची दुरुस्ती करायची म्हणून गेलो असं लिहिलं तर बरं दिसेल. खरं म्हणजे बायकोनं पाठवलं. "तुम्ही 'पुढच्या वर्षी' म्हणालात," ती म्हणाली, "मी ते विसरले नाही." एजंटांनी मला ओळखलं. म्हणाले, "ते लहान? ते फेब्रुवारीतच काढलं, सार. इंजिनाचं काहीतरी झालं, शेवटच्या दोन फेऱ्या झाल्याच नाहीत." मग विचारलं, "अम्मांना मोठं आवडलं का?" मी म्हटलं, खूप. दुसरं कुठलं तसलं जहाज आहे का, असं विचारायलाही माझी जीभ उचलली नाही. त्यांनी आपण होऊन सांगितलं, "असली जुनी आता उरली नाहीत. सगळ्यांना मोठंच पाहिजे."

आता त्याला दीड वर्ष झालं. इंजेक्शनं चालू होती तोवर चालू होती. आता कडेचंही मळकट झालंय. आई माझ्या कानाकडं बघत नाही. माझा आवाज जिकडून येतो तिकडं तोंड करते आणि बऱ्याचदा थोडी चुकते.

मागच्या आठवड्यात शेजारच्या अक्का आल्या होत्या, त्यांच्या भावाला समुद्रसफरीला जायचंय म्हणून चौकशी करायला. हॉलमध्ये आईशेजारी बसून त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, "अम्मा, समुद्र कसा होता हो?"

"जहाज फार मोठं होतं," आई म्हणाली. "लिफ्टाच सोळा." मग ती बर्फावरच्या नाचाबद्दल बोलली, नातीच्या घसरगुंडीबद्दल बोलली, बारा ठिकाणच्या जेवणाबद्दल बोलली. माझी अडकल्याची गोष्टही तिनंच सांगितली, माझ्यापेक्षा चांगली. अक्का पोट धरून हसल्या आणि भावाला मोठ्या जहाजाचंच सांगते म्हणून गेल्या.

त्या गेल्यावर मी मोबाइल बघत होतो.

"मला काही नीट दिसला नाही रे तो," ती म्हणाली. "त्यांना काय सांगायचं मग. तू सांग की. तू बघितलास ना, चार दिवस. कसा होता?"

मी तोंड उघडलं. घराण्यातला किस्से सांगणारा माणूस मी. मला नाश्त्याची पाटी आठवली, आमच्या खोलीचा नंबर आठवला, जाजमाचा जांभळा रंग, लाल अक्षरं, तळ्याजवळचं गाणं. चार दिवसांत मी काचेपाशी किती वेळा गेलो होतो ते आठवून बघितलं. एकदा, तिला घेऊन. तेव्हाही मी रांग किती लांब झालीय ते बघत होतो.

"निळा होता," मी म्हटलं.

"ते ठाऊक आहे रे," आई म्हणाली. तिनं हात मांडीवर घेतले आणि नीट ऐकायला सरसावून बसली. "पुढं?"

"थांब हं, गॅसवर दूध आहे," मी म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेलो. गॅसवर काही नव्हतं.